लाल न होणारा धातू: घरी अ‍ॅल्युमिनियमचं टिग वेल्डिंग शिकताना

लोखंड तापलं की रंग बदलून कळवतं. आधी काळपट लाल, मग केशरी, मग पिवळं, आणि त्यानंतर वितळतं. अ‍ॅल्युमिनियमकडून अशी वर्दी मिळत नाही. शुद्ध अ‍ॅल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळतं आणि तिथवर त्याचा रंग डोळ्यांना जाणवेल इतका बदलत नाही. रुपेरी पत्रा रुपेरीच दिसत असतो आणि एका क्षणी खालून ओघळून जातो. लोखंडावर हात बसलेली माणसंही इथे पहिल्यांदा चक्रावतात ती याच कारणाने.

मी दिवसा शिवणकाम करते आणि संध्याकाळी घरामागच्या शेडमध्ये वेल्डिंग. आधी लोखंड शिकले, मग अ‍ॅल्युमिनियमकडे वळले, आणि आता त्याच्याशिवाय दुसऱ्या धातूला हात लावावासा वाटत नाही. माझी पद्धत टिग: हातातल्या टॉर्चमध्ये टंगस्टनची काडी असते, तिच्या टोकापासून पत्र्यापर्यंत विजेचा प्रखर झोत, म्हणजे आर्क, पेटतो आणि धातू वितळवतो, भोवतीचा गॅस हवेला दूर ठेवतो, आणि दुसऱ्या हाताने रॉड, म्हणजे भर घालायची धातूची कांडी, त्यात वितळवायची. कापडाचे ठाण ठेवायची मांडणी, शिवणयंत्राखालचं टेबल, सायकलला लावायच्या पेट्या, सगळं मी स्वतः जोडलेलं आहे. हलकं, न गंजणारं, घासलं की लखलखणारं असं हे सामान बघून लोक विचारतात की घरी हे शिकता येतं का. येतं. पण तयारी सावकाश करायची आणि आर्क पेटल्यावर हात चपळ ठेवायचा. बहुतेक नवशिके याच्या नेमकं उलट करतात: घाईने पत्रा मांडतात आणि मग आर्क एकाच जागी धरून बसतात.

धातूचा स्वभाव

अ‍ॅल्युमिनियम हवेत उघडं पडलं की लगेच त्याच्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर धरतो. गंजापासून वाचवतो तो हाच थर, आणि वेल्डिंगला आडवा येतो तोही हाच. तो वितळायला २,००० अंशांहून जास्त तापमान लागतं. त्यामुळे खालचा धातू पातळ झालेला असतो आणि वरचा पापुद्रा शाबूत असतो. अशा वेळी रॉड टेकवला तर तो आत मिसळत नाही, वरच गोळा होऊन बसतो.

दुसरी अडचण उष्णतेची. मिश्रधातू कोणता आहे त्यानुसार अ‍ॅल्युमिनियम साध्या पोलादाच्या तिप्पट ते साडेचारपट वेगाने उष्णता वाहून नेतं. सुरुवातीला तुम्ही ओतलेली उष्णता सगळ्या पत्र्यात पसरते आणि वितळायला वेळ लागतो. थोड्याच वेळात अख्खा तुकडा तापतो आणि मग तोच करंट जास्त व्हायला लागतो. म्हणजे सांध्याच्या सुरुवातीची सेटिंग शेवटी चालत नाही. शिवाय तापल्यावर ते पोलादाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावतं, म्हणून वाकडंही लवकर होतं.

तिसरी गोष्ट हायड्रोजन. वितळलेल्या अ‍ॅल्युमिनियममध्ये हायड्रोजन भरपूर विरघळतो, पण गोठताना त्यातला बहुतेक सगळा बाहेर पडू पाहतो आणि बुडबुडे आतच अडकतात. वेल्ड कापून पाहिलं की टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसतात ती हीच. हा हायड्रोजन येतो ओलाव्यातून, तेलातून, बोटांच्या घामातून, दमट जागी ठेवलेल्या रॉडवरून. स्वच्छतेबद्दल मी पुढे जो आग्रह धरणार आहे त्याचं मूळ इथे आहे.

यंत्र कोणतं

अ‍ॅल्युमिनियमच्या टिगसाठी एसी, म्हणजे दिशा सतत उलटत राहणारा प्रवाह, देणारं यंत्र लागतं. फक्त डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा प्रवाह, देणारी लहान टिग यंत्रं लोखंड आणि स्टेनलेसला उत्तम असतात, पण त्यांच्यावर घरी अ‍ॅल्युमिनियम शिकायला जाऊ नका. विकत घेताना नुसतं 'टिग' एवढं वाचून पैसे मोजू नका, 'एसी/डीसी' लिहिलेलं आहे का ते बघा.

एसीचं काम असं. प्रवाहाच्या एका अर्ध्या फेरीत टंगस्टन पॉझिटिव्ह असतं आणि तेव्हा पत्र्यावरचा ऑक्साइड फुटून उडतो. दुसऱ्या अर्ध्या फेरीत टंगस्टन निगेटिव्ह असतं आणि उष्णता मुख्यतः पत्र्यात जाते. एक फेरी साफ करते, दुसरी वितळवते. नव्या इन्व्हर्टर यंत्रांवर या दोघींचं प्रमाण बदलता येतं, त्याला बॅलन्स म्हणतात. सुरुवातीला निगेटिव्ह ७० टक्के आणि सफाई ३० टक्के ठेवा. एक सावधगिरी: काही यंत्रं निगेटिव्हचा टक्का दाखवतात, काही सफाईचा. दुसऱ्याने सांगितलेला आकडा आपल्या यंत्रावर डोळे झाकून लावू नका, आधी पुस्तिका वाचा. सफाई फार वाढवली तर टंगस्टनचं टोक वितळून मोठा गोळा होतो. फार कमी केली तर डबक्यात, म्हणजे वितळलेल्या धातूच्या थारोळ्यात, काळे ठिपके तरंगायला लागतात.

फ्रिक्वेन्सी, म्हणजे प्रवाहाच्या सेकंदाला होणाऱ्या फेऱ्या, बदलायची सोय असेल तर १०० हर्ट्झच्या आसपास ठेवून सुरुवात करा. ती वाढवली की आर्क अरुंद आणि टोकदार होतो, कोपऱ्यातल्या सांध्याला ते बरं पडतं. आर्क पेटवण्यासाठी हाय फ्रिक्वेन्सी स्टार्ट, म्हणजे पत्र्याला न टेकता ठिणगीने पेटवायची सोय, हवीच. टंगस्टन पत्र्याला घासून पेटवायची पद्धत इथे नको, टोक लगेच खराब होतं. हाय फ्रिक्वेन्सीमुळे जवळची इलेक्ट्रॉनिक उपकरणं बिघडू शकतात. आणि घरात कुणाला पेसमेकर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे यंत्र सुरूच करायचं नाही.

२०० अँपिअरपर्यंतचं यंत्र घरच्या बहुतेक कामाला पुरतं. ते किती वीज ओढतं हे त्याच्या पाटीवर लिहिलेलं असतं. तेवढा भार पेलणारी स्वतंत्र लाइन, योग्य ब्रेकर आणि नीट अर्थिंग आधी इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या.

आणि पायाचा पेडल घ्या. टॉर्चवरच्या बटणाने नुसतं चालू-बंद होतं. पेडलने वेल्डिंग चालू असतानाच करंट कमी-जास्त करता येतो. शिवणयंत्रावर जाड शिवण आली की पाय जसा आपोआप हलका होतो, तसाच इथे पत्रा तापत गेला की पाय सैल सोडायचा असतो. ज्यांनी शिवणयंत्र चालवलं आहे त्यांना ही गोष्ट लवकर जमते असं माझं निरीक्षण आहे.

मिगवरही (यात रॉडऐवजी तार यंत्रातून आपोआप येत राहते) अ‍ॅल्युमिनियम होतं, जाड आणि लांब सांध्यांना ते वेगवान पडतं. पण मऊ तार लांब नळीत गुंता करते, म्हणून स्पूल गन, म्हणजे तारेचं रीळ जिच्यावरच बसतं अशी टॉर्च, लागते, आणि गॅसही बदलावा लागतो. गॅसच्या शेगडीवर जस्तमिश्रित कांड्या वितळवून अ‍ॅल्युमिनियम 'वेल्ड' करण्याचे जे प्रकार दाखवतात, ते झाळकाम आहे, मूळ धातू त्यात वितळत नाही. लहानसहान दुरुस्तीला चालेल, पण त्याने वेल्डिंग शिकणं होत नाही.

गॅस आणि टंगस्टन

गॅस शुद्ध आर्गॉन, ९९.९९ टक्के किंवा त्याहून शुद्ध. लोखंडाच्या मिगला वापरतात तो कार्बन डायऑक्साइड मिसळलेला गॅस लावला तर टंगस्टन क्षणात जळतं आणि सगळीकडे काजळी धरते. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला नॉर्थ्रॉप या विमान कंपनीत रसेल मेरेडिथ यांनी टिगची पद्धत बसवली तेव्हा हेलियम वापरला होता, आणि त्यांना जोडायचं होतं मॅग्नेशियम. आजही जाड कामाला आर्गॉनमध्ये हेलियम मिसळतात, पण घरच्या कामाला नुसता आर्गॉन पुरेसा असतो.

प्रवाह मिनिटाला ७ ते १० लिटर ठेवा. जास्त गॅस म्हणजे जास्त संरक्षण, हा गैरसमज आहे. फार जोरात सोडला तर तो घुसळतो आणि बाहेरची हवा आत ओढतो. पंख्याचा झोत सांध्यावर येत असेल तर कितीही गॅस सोडला तरी व्यर्थ. शक्य असेल तर टॉर्चला गॅस लेन्स, म्हणजे आत बारीक जाळी असलेला भाग, बसवा. गॅस सरळ आणि शांत बाहेर पडतो, आणि टंगस्टन थोडं जास्त बाहेर काढून कोपऱ्यात पोहोचता येतं.

टंगस्टन २.४ मिमी जाडीचं, निळ्या टोकाचं, म्हणजे २ टक्के लँथनम असलेलं घ्या. जुन्या ट्रान्सफॉर्मर यंत्रांवर हिरव्या टोकाचं शुद्ध टंगस्टन वापरतात, इन्व्हर्टरला त्याची गरज नाही. लाल टोकाच्या टंगस्टनमध्ये थोरियम असतं, ते किरणोत्सारी आहे आणि घासताना त्याची धूळ श्वासात जाऊ शकते. निळं मिळत असताना लाल घेण्याचं काही कारण नाही. टोक करताना घासल्याच्या रेषा लांबीच्या दिशेने याव्यात, आणि टंगस्टनसाठी वेगळं चाक ठेवावं. टोक काढून झालं की अगदी टोकाशी किंचित सपाट करा. एसीवर ते थोडं गोलावेल, त्याची चिंता नको.

पत्रा आणि रॉड

शिकायला ३ मिमी जाडीचा ५०५२ मिश्रधातूचा सपाट पत्रा घ्या. १ मिमीचा पत्रा स्वस्त दिसतो, पण नवशिक्याच्या हातून तो भोकाभोकांचा होतो आणि शिकणं काहीच होत नाही. ६ मिमीला लहान यंत्र पुरत नाही. ३ मिमी चुका सोसतो.

खिडक्या-दारांचे उरलेले चौकटीचे तुकडे सहज मिळतात, म्हणून लोक त्यावर सुरुवात करतात. तसं करू नका. ते बहुतेक वेळा पातळ असतात आणि त्यांच्यावर अ‍ॅनोडायझिंग केलेलं असतं. अ‍ॅनोडायझिंग म्हणजे मुद्दाम जाड केलेला ऑक्साइड, त्यातून वीज जात नाही. आर्क इकडेतिकडे भटकतो. असा तुकडा वापरायचाच असेल तर सांध्याच्या दोन्ही बाजूंना आणि अर्थ क्लँपच्या (यंत्राची दुसरी वायर पत्र्याला जोडणाऱ्या चिमट्याच्या) जागीही तो थर घासून काढावा लागतो.

रॉडमध्ये दोनच नावं पाठ करा: ४०४३ आणि ५३५६. ४०४३ मध्ये सुमारे ५ टक्के सिलिकॉन असतं. तो मवाळ वाहतो, तडे कमी जातात, ओतीव भागांना आणि ६०६१ मिश्रधातूला चालतो. पण पुढे अ‍ॅनोडायझिंग केलं तर वेल्ड काळपट राखाडी दिसतो. ५३५६ मध्ये सुमारे ५ टक्के मॅग्नेशियम असतं. तो जास्त मजबूत, थोडा ताठ, आणि ५०५२ ला योग्य. मात्र जी वस्तू सतत ६५ अंशांच्या वर तापणार असेल तिला ५३५६ लावू नये. ३ मिमीचा ५०५२ पत्रा आणि २.४ मिमीचा ५३५६ रॉड ही सरावासाठी माझी आवडती जोडी.

६०६१ आणि ६०६३ या मिश्रधातूंचे सांधे रॉड न घालता नुसते वितळवून जोडले तर गोठताना मधोमध तडकतात. रॉड घातलाच पाहिजे. २०२४ आणि ७०७५ हे विमानांसाठीचे मजबूत मिश्रधातू आर्कने जोडायच्या फंदात पडू नका, तडे जातातच. भंगारातला तुकडा कशाचा आहे हे बघून ओळखता येत नाही, म्हणून शिकताना तरी पत्रा नावानिशी घ्यावा.

अंगावर काय, आजूबाजूला काय

अ‍ॅल्युमिनियम चकाकतं, त्यामुळे आर्कची अतिनील किरणं खालूनही परावर्तित होऊन येतात. हनुवटीखालचा गळा आणि मनगट भाजलं की मग कळतं. बंद गळ्याचे, लांब बाह्यांचे सुती कपडे घाला. हे मी कापडातली जाणकार म्हणून सांगते: पॉलिएस्टर मिसळलेलं कापड वितळून कातडीला चिकटतं. सुती असलं तरी विरळ विणीचं नको. कापड दिव्यासमोर धरा. उजेड आरपार दिसला तर ते कपाटात परत ठेवा. हेल्मेटची काच १० ते १२ क्रमांकाची. चाळिशीचा चष्मा लागत असेल तर हेल्मेटच्या आत बसणारं भिंग लावा. डबकं स्पष्ट दिसत नसेल तर हाताला दोष देऊन उपयोग नाही.

खोली हवेशीर हवी, कारण या आर्कमुळे ओझोन तयार होतो आणि रॉडचा धूरही असतो. आर्गॉन हवेपेक्षा जड आहे, तो खोलगट बंद जागेत साचतो आणि श्वासाला ऑक्सिजन उरत नाही. तळघरात किंवा खड्ड्यात हे काम नको. वारा थेट सांध्यावर येऊ न देता धूर बाहेर जाईल अशी पंख्याची जागा शोधायला थोडा वेळ द्या. सिलिंडर उभा आणि साखळीने बांधलेला असावा.

तापलेलं अ‍ॅल्युमिनियम थंड अ‍ॅल्युमिनियमसारखंच दिसतं, हे विसरलं की हात भाजतो. मी प्रत्येक ताज्या तुकड्याशेजारी टेबलावर खडूने 'गरम' लिहिते. घरात दुसरं कुणी शेडमध्ये येत असेल तर हे पाळाच.

ग्राइंडरबद्दल दोन शब्द. लोखंडाच्या चकतीवर अ‍ॅल्युमिनियम घासलं तर ते चकतीत भरून बसतं, चकती तापते आणि फुटू शकते. अ‍ॅल्युमिनियमसाठी वेगळी चकती मिळते, तीच वापरा. अ‍ॅल्युमिनियमची बारीक धूळ पेट घेते, आणि गंजलेल्या लोखंडाच्या धुळीत मिसळली तर ते मिश्रण थर्माइटसारखं, म्हणजे प्रचंड उष्णतेने, जळू शकतं. दोन्ही धातूंची घासकामं वेगळ्या जागी करा, धूळ रोज झाडून काढा. अशा धुळीला आग लागली तर पाणी मारायचं नाही. कोरडी वाळू टाकायची.

धुणं आणि घासणं

इथे वेळ घालवा. आर्क पेटण्याआधीच निम्मं वेल्ड ठरलेलं असतं, आणि ते ठरतं चिंधी आणि ब्रशने.

क्रम महत्त्वाचा आहे: आधी तेल काढायचं, मग ऑक्साइड. उलटं केलं तर ब्रश तेल सगळीकडे फासतो आणि घासलेल्या ओरखड्यांत बसवतो. स्वच्छ, पांढऱ्या सुती चिंधीवर अ‍ॅसिटोन घेऊन सांध्याच्या दोन्ही बाजू पुसा, वरून आणि खालूनही. चिंधी काळी झाली की नवी घ्या. चिंधीला रंग लागेनासा झाला की थांबा. अ‍ॅसिटोन पटकन पेटतं, म्हणून पुसून झाल्यावर बाटली आणि चिंध्या दूर नेऊन ठेवा आणि पत्रा पूर्ण वाळू द्या.

ब्रेक क्लीनरचा फवारा वापरायचा मोह होतो. तो टाळा. त्यातल्या काही प्रकारांत क्लोरीनयुक्त द्रावक असतात, आणि आर्कच्या उष्णतेने व अतिनील किरणांनी त्यापासून फॉस्जिन नावाचा विषारी वायू तयार होतो. डब्यावर काय लिहिलं आहे हे वाचत बसण्यापेक्षा तो डबा शेडमध्ये नसलेलाच बरा.

मग स्टेनलेसच्या तारांचा हाताचा ब्रश घ्या. तो फक्त अ‍ॅल्युमिनियमसाठी राखून ठेवा. एकदा लोखंडावर फिरला की त्याचे कण पुढे वेल्डमध्ये येतात. माझ्या ब्रशच्या दांड्याला मी रंगीत चिंधी बांधून ठेवली आहे, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या हाताला लागला तरी गफलत होत नाही. हलक्या हाताने, एकाच दिशेने घासा. जोर लावला तर मऊ धातू ऑक्साइडवरच दुमडतो. चकाकी जाऊन सांधा एकसारखा मंद दिसायला लागला की झालं.

कापलेल्या कडाही बघा. ग्राइंडरच्या चकतीने कापलेल्या कडेत चकतीचे कण रुतलेले असतात. स्वच्छ कानशीने त्या कडा पांढऱ्याशुभ्र होईपर्यंत काढा. कानस भरून येऊ नये म्हणून तिच्यावर साधा खडू चोळता येतो, पण मग कड पुन्हा पुसायची. रॉडही पुसायचा, हे बरेच जण सोडून देतात. अ‍ॅसिटोनची चिंधी रॉडवरून ओढली की ती किती काळी होते ते पाहा. पुसलेल्या रॉडला आणि कडांना त्यानंतर उघडी बोटं लावू नका. आणि आज घासलेला पत्रा उद्या जोडायचा असेल तर उद्या पुन्हा घासा.

पहिल्यांदा रॉडशिवाय

पहिल्या काही संध्याकाळी काहीच जोडायचं नाही. ३ मिमीचा, साधारण ५० बाय १५० मिमीचा तुकडा घ्या आणि त्याच्यावर नुसतं डबकं चालवायला शिका.

ढोबळ हिशेब दर मिमी जाडीला ४० अँपिअरचा. म्हणजे ३ मिमीला १२० च्या आसपास. पेडल असेल तर यंत्रावर १४० ठेवा आणि उरलेलं पायावर सोडा. टंगस्टन नोझलच्या, म्हणजे टॉर्चच्या गॅस सोडणाऱ्या तोंडाच्या, बाहेर ५-६ मिमी. पत्र्यापासून टोकाचं अंतर २ ते ३ मिमी, म्हणजे साधारण टंगस्टनच्या जाडीइतकंच. टॉर्च जवळजवळ उभी, सरळ उभ्या रेषेपासून १० ते १५ अंश मागे कललेली, आर्कचं तोंड जायच्या दिशेकडे. टॉर्च मागे ओढत न्यायची नाही, पुढे ढकलत न्यायची.

आता बघायचं काय? आर्क पेटला की आधी त्याच्याभोवती पांढरट, मंद वर्तुळ उमटतं. ऑक्साइड निघत असल्याची ती खूण. मग मधला भाग किंचित घामेजल्यासारखा दिसतो, आणि एकदम आरशासारखा चमकतो. ती चमक म्हणजे डबकं. रंगाची वाट पाहू नका, चमकेची पाहा. डबकं दिसलं की लगेच पुढे सरका. ते ८ मिमीच्या आसपास रुंद राहील अशा वेगाने जा. मोठं व्हायला लागलं तर पाय सैल करा किंवा वेग वाढवा. मधेच पुढचा पत्रा ओला दिसेनासा झाला तर पाय दाबा.

डबकं तयार व्हायला दोन-तीन सेकंदांहून फार जास्त वेळ लागत असेल तर करंट कमी आहे. इथे नवशिके भीतीपोटी करंट आणखी कमी करतात आणि बराच वेळ एका जागी थांबतात. मग सगळा तुकडा तापतो आणि अचानक कोसळतो. जास्त करंट आणि चपळ हात हे कमी करंट आणि रेंगाळणाऱ्या हातापेक्षा सुरक्षित आहे.

टोकाशी पोचताना शेवटचे दोन सेंटिमीटर विशेष सांभाळा. पुढे उष्णता जायला धातूच उरत नाही आणि कड वितळून पडते. पाय आधीच सोडायला लागा. संपवताना आर्क एकदम तोडू नका. हळूहळू करंट उतरवा, नाहीतर शेवटी खळगा पडतो आणि त्यात ताऱ्यासारखा तडा जातो. आर्क विझल्यावरही टॉर्च तिथेच धरून ठेवा. गॅस दर १० अँपिअरला एक सेकंद या हिशेबाने वाहू द्या, ८ सेकंदांपेक्षा कमी नकोच. टंगस्टन आणि वेल्ड दोन्ही गॅसखाली थंड झाले पाहिजेत.

टंगस्टन डबक्यात बुडालं, तर लगेच थांबा. त्याच्यावर अ‍ॅल्युमिनियम चढलेलं असतं आणि आर्क नाचायला लागतो. टोक मोडून नव्याने घासा. चार-पाच टंगस्टन आधीच टोकं काढून ठेवली की चिडचिड होत नाही. तुकडेही तीन-चार समोर ठेवा आणि आळीपाळीने वापरा, म्हणजे प्रत्येक वेळी थंड पत्र्यावर सुरुवात होते.

आता रॉड

डबकं सरळ रेषेत, एका रुंदीचं जायला लागलं की दुसरा हात कामाला लावा. रॉड पत्र्याशी जवळजवळ आडवा, १५ अंशांच्या आसपास धरायचा आणि डबक्याच्या पुढच्या काठावर टेकवून मागे घ्यायचा. आर्कमध्ये धरायचा नाही. डबक्याने त्याला वितळवायचं असतं. मागे घेताना टोक गॅसच्या आवरणातून बाहेर जाऊ देऊ नका. बाहेर गेलं की गरम टोकावर ऑक्साइड धरतो आणि पुढच्या टिपक्यासोबत तो आत जातो. टोक मागे घेतलं तरी ते नोझलच्या सावलीतच राहायला हवं.

टॉर्च सरकवा, थांबा, रॉड टेकवा, काढा, सरकवा. रॉड गेला की डबकं किंचित थंड होतं, ते पुन्हा चमकलं की पुढे. रॉड आर्क नसताना बोटांतून पुढे सरकवायचा सराव वेगळा करा, टीव्ही बघत बसल्या बसल्याही होतो. डबक्याजवळ जाण्याआधीच रॉडच्या टोकाला गोळा येत असेल तर आर्क फार लांब आहे किंवा रॉड फार उंच धरला आहे.

सांधे

पहिला सांधा बाहेरच्या कोपऱ्याचा करा: दोन पट्ट्या काटकोनात, कडेला कड. उष्णता सारखी वाटली जाते, धातू आपणहून एकत्र येतो, आणि नव्या हाताला लगेच यश दिसतं. मग सपाट कडेला कड, मग एकावर एक. टीचा, म्हणजे इंग्रजी T आकाराच्या सांध्याचा, आतला कोपरा सगळ्यात शेवटी.

आतल्या कोपऱ्याची गोष्ट वेगळी आहे. दोन्ही पत्र्यांच्या कडा आधी वितळतात आणि मधली खाच कोरडीच राहते. रॉड घातला की तो दोन्ही बाजूंवर पूल बांधतो आणि वरून वेल्ड सुंदर दिसतं. आत काहीच जोडलेलं नसतं. उपाय असा: आर्क अगदी आखूड ठेवा, टंगस्टन थोडं जास्त बाहेर काढा, करंट सपाट सांध्यापेक्षा जास्त घ्या आणि दोन्ही बाजूंची डबकी खाचेत एकमेकांना भेटेपर्यंत रॉड टेकवू नका. ती भेटल्याचं स्पष्ट दिसतं: खाचेची काळी रेघ नाहीशी होते.

कोणताही सांधा असो, आधी टॅक, म्हणजे पत्रे जागेवर धरणारे वेल्डचे कच्चे टाके, मारा. ३ मिमीला दर ४०-५० मिमीवर एक. दोन्ही टोकांचे टॅक आधी, मग मधले, म्हणजे पत्रा कातरीसारखा उघडत-मिटत नाही. फटी ठेवू नका. लोखंडात फट भरून काढता येते, इथे फट दिसली की दोन्ही कडा मागे पळतात.

वेल्ड काय सांगतं

चांगलं वेल्ड चकचकीत असतं, दोन्ही बाजूंना पांढरट सफाईचा पट्टा असतो. राखाडी आणि खरखरीत दिसलं तर उष्णता कमी किंवा जास्त वेळ रेंगाळणं. काजळी दिसली तर गॅसकडे बघा: प्रवाह, वारा, सैल जोडणी, आर्कची लांबी. सगळं ठीक असेल तर अस्वच्छता. मिरीसारखे काळे ठिपके म्हणजे घासणं अपुरं किंवा सफाईचा टक्का कमी.

पण दिसण्यावर विश्वास ठेवायचा नाही. सरावाचा प्रत्येक प्रकारचा सांधा तोडून बघा. सपाट सांध्याची २५ मिमी रुंद पट्टी कापा, व्हाइसमध्ये धरा, आणि सांध्याच्या मुळाशी, म्हणजे खालच्या बाजूला, ताण येईल अशी वाकवा. खालपर्यंत वितळलेलं नसेल तर तिथेच उघडते. टीचा सांधा एकाच बाजूने वेल्ड केलेला ठेवून हातोड्याने आडवा करा. तुटल्यावर खाचेत मूळ कापलेली सरळ कड तशीच दिसली, तर पूल झाला होता. डोळ्यांवर गॉगल असू द्या.

एक गोष्ट नवशिक्यांना कुणी सांगत नाही. ६०६१-टी६ सारखा पत्रा उष्णतेची प्रक्रिया करून मजबूत केलेला असतो. वेल्डच्या शेजारचा पट्टा तापला की ती मजबुती बरीच जाते, सुमारे निम्म्यावर येते. वेल्ड कितीही छान असलं तरी शेजारचा धातू नरम पडलेला असतो. म्हणून शिडी, सायकलचं हँडल, गाडीचं चाक, मुलांचा झोका असलं काहीही घरी जोडून वापरू नका. दाबाची भांडी आणि इंधनाच्या टाक्या तर अजिबात नाही. रिकाम्या टाकीतली वाफही स्फोट करते. दोन्ही बाजूंनी बंद नळी जोडायची असेल तर आधी हवा बाहेर पडायला बारीक भोक पाडा.

पहिली खरी वस्तू म्हणून मी उघडी चौकोनी पेटी सुचवते, ३ मिमीची, सगळे सांधे बाहेरच्या कोपऱ्यांचे. आधी चारही बाजू टॅक करा, तळ बसवा, काटकोन तपासा, आणि मग समोरासमोरचे सांधे आळीपाळीने करा, म्हणजे वाकणं एकमेकांना तोलून धरतं. पेटी थंड झाली की बाहेरून सगळ्या सांध्यांवर खडू चोळा आणि आत पाणी भरा. कुठे खडू ओला झाला तर तिथे खूण करा, पाणी ओतून द्या आणि पेटी उन्हात पूर्ण वाळवा, कारण फटीतला ओलावा पुन्हा भोकंच पाडेल. मग तेवढाच भाग कार्बाइडच्या बरने (कोरायच्या फिरत्या दातेरी टोकाने) चांगला धातू दिसेपर्यंत कोरा, अ‍ॅसिटोनने पुसा, ब्रशने घासा, आणि रॉड पुसून घेऊन तो सांधा पुन्हा भरा.